बटाट्यांच्या वाट्याची हवा

प्रमाणित करण्यात येते की, सदर शीतगृहाचे मुख्य यंत्रचालक यांनी गत हंगामात विजेच्या वापरात लक्षणीय घट घडवून आणली असून, त्यांच्या अखत्यारीतील एकही दार विनाकारण उघडे राहिल्याचे निदर्शनास आलेले नाही. प्रकृती: सुदृढ. वर्तणूक: समाधानकारक. दृष्टी: विशेषतः फटींच्या बाबतीत, तीक्ष्ण. सबब त्यांचा यथोचित गौरव करण्यात येत आहे.

यातली प्रकृती आणि दृष्टी सन्मानपत्रात नव्हती. ती मुकादमानं हमालांना वाचून दाखवताना पदरची घातली. बाकीचा मजकूर जसाच्या तसा.

सन्मानपत्राला काच होती, काचेला सोनेरी चौकट होती आणि खाली अध्यक्षांची सही होती, जी कागदाच्या एका कडेला सुरू होऊन दुसऱ्या कडेला नाइलाजानं थांबली होती. ते शीतगृहाच्या बोळात, मोठ्या खोलीच्या दाराशेजारी, भिंतीवर ठोकलेल्या प्लायवूडच्या एका तुकड्यावर टांगलेलं होतं. चांगली सिमेंटची भिंत सोडून ते प्लायवूडवर का, हे कुणी विचारलं नाही. सिमेंटमध्ये खिळा वाकतो, प्लायवूडमध्ये वाकत नाही, असं ज्यानं त्यानं मनाशी ठरवून टाकलं असावं.

ज्यांचा गौरव झाला त्यांना सगळे दारसाहेब म्हणत. आधी पाठीमागे म्हणत. मग त्यांना ते नाव मनापासून आवडतं असं लक्षात आल्यावर तोंडावर म्हणू लागले, आणि त्यातली गंमत संपली. हमाल पोतं घेऊन आत शिरला की त्याची टाच उंबरठा ओलांडायच्या आत मागून आवाज यायचा, ‘‘दार!’’ एवढंच. ह्या एका शब्दात त्यांनी निम्मी नोकरी केली. घरीही तीच शिस्त. फ्रिज उघडून काय काढायचं ते ठरवायचं नाही. काय काढायचं ते ठरवून फ्रिज उघडायचा. बायको शेजारणींना सांगायची की आमच्याकडे दूध काढायचं तर आधी अर्ज द्यावा लागतो. भाचीच्या लग्नात पाहुणे जेवत होते तेव्हा हा गृहस्थ हॉलच्या काचेच्या दरवाजाशी उभा होता, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटत होतं की मुलीचा मामा किती अगत्यशील आहे. ते एसीची थंडी सांभाळत होते.

थंडी ही त्यांच्या लेखी एक वस्तू होती. ती यंत्रानं तयार होते, भिंतींनी राखली जाते आणि फटीतून चोरीला जाते. खोलीच्या भिंती हातभर जाड, दाराला पंजात न मावणारा लोखंडी दांडा, आत लाकडी फळ्यांच्या मांडण्यांवर छतापर्यंत रचलेली पोती. दिवा एकच, तोही माणूस बाहेर पडला की मालवायचा, कारण उजेड लागला की बटाटा हिरवा पडतो आणि हिरवा बटाटा कडू लागतो. यंत्रघरात अमोनियाचा पुसट वास आणि कॉम्प्रेसरची एकसुरी घरघर. ती घरघर दारसाहेबांना पाठ होती. एखाद्या माणसाला घरातल्यांच्या घोरण्यावरून कोण कोणत्या कुशीवर आहे ते कळावं, तसं त्यांना कॉम्प्रेसरवर किती भार आहे ते कळायचं. आणि एक गोष्ट त्यांना वर्षानुवर्षं छळत होती. दारं बंद, दिवा बंद, आत कुणी नाही, तरी खोली थोडी थोडी तापायची. कुठून तरी ऊब आत येत होती. कुठून, ते सापडत नव्हतं.

त्यांच्या आधी एक म्हातारे मिस्त्री हे काम पाहायचे आणि दारसाहेब वर्षानुवर्षं त्यांच्या हाताखाली होते. त्यांची एक खोड होती. खोलीला दोन झडपा होत्या, एक बोळाच्या बाजूला, दुसरी मागच्या भिंतीत. मिस्त्री रोज सकाळी कामावर आले की आधी दोन्ही झडपा उघडायचे, विडी संपेपर्यंत तशाच ठेवायचे आणि मग बंद करायचे. कामाची माहिती देताना त्यांनी हेही सांगितलं होतं. ‘‘आत पोरं असतात,’’ ते म्हणाले होते, ‘‘रात्रभर कोंडलेली. सकाळी त्यांना त्यांच्या वाट्याची हवा द्यायची.’’

दारसाहेबांनी मान डोलावली होती. मिस्त्री एकटे राहायचे, त्यांना पोरंबाळं नव्हती. माणूस एकटा राहिला की कशाकशाला पोरं म्हणू लागतो हे दारसाहेबांना समजत होतं, आणि त्यांनी ते मनाच्या मोठेपणानं समजून घेतलं. विज्ञान त्यांना शाळेतलं आठवत होतं. पानं उन्हात अन्न तयार करतात. इथे ऊन नाही, पान नाही. म्हणजे कारखाना बंद. बंद कारखान्याला खिडक्या कशाला?

मिस्त्री काम सोडून गेले त्याच हंगामात त्यांनी मागची झडप फोम कोंबून बुजवली आणि वरून रंग दिला. बोळातल्या झडपेवर प्लायवूड ठोकलं. विजेचं मीटर हळू फिरू लागलं. अध्यक्ष खूश झाले. सन्मानपत्र आलं तेव्हा ते टांगायला त्या प्लायवूडपेक्षा योग्य जागा त्यांना सुचली नाही, आणि खरं सांगायचं तर ती निवड त्यांना मनातून फार समर्पक वाटली होती.

आता ताईविषयी. ताई म्हणजे दारसाहेबांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर शेत तीच करत होती. शेताचे दोन तुकडे, वरचा आणि खालचा. खालचा एकेकाळी नुसता खडक होता. ताई आणि तिचा नवरा लग्न झाल्यापासून दर उन्हाळ्यात तळ्यातला गाळ डोक्यावरून वाहून तिथे टाकत आले होते. लोक जसे देवाला जातात तसे आम्ही घमेलं डोक्यावर घेऊन खडकाकडे जायचो, असं ताई म्हणायची. इतक्या उन्हाळ्यांनंतर तिथे कंबरभर काळी माती झाली. सन्मानपत्रानंतरच्या हंगामात ताईचे बटाटे त्या तुकड्यात असे पोसले की एकेक हातात मावेना. भावाला अभिमान वाटला. त्यानं बहिणीच्या पोत्यांना खोलीतली सर्वांत चांगली जागा दिली: अगदी आत, तळाशी, मागच्या कोपऱ्यात, जिथे थंडी सर्वांत जास्त आणि जिथे दाराची झुळूकसुद्धा पोचत नाही. इतर शेतकऱ्यांनी तक्रार केली तर काय सांगायचं तेही त्यानं ठरवून ठेवलं होतं. कुणी केली नाही.

त्या हंगामात हमालांची डोकी फार दुखायची. आत थोडा वेळ काम केलं की छाती भरून यायची, धाप लागायची, बाहेर येऊन ओट्यावर बसावं लागायचं. मुकादमानं दोनदा सांगितलं. दारसाहेब म्हणाले की थंडीत असं होतंच, टोपी घाला. मुकादम टोपी घालून आला. पुढच्या खेपेला दोन टोप्या घालून आला, एकीवर एक, आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाला की डोकं अजून दुखतंय, पण आता कुठलं दुखतंय ते कळत नाही. हमाल हसले. दारसाहेबही हसले. नंतर त्यांना ते हसणं आठवायचं.

मोठे बटाटे घेणाऱ्या कारखान्यानं माल पाहायला तपासनीस बाई पाठवल्या. वय फार नाही, हातात एक लांब पातळ सुरी, चेहऱ्यावर झोप न झाल्याचे भाव. ओट्यावर ताईची पोती आणून ठेवली होती. इतर शेतकरी बघायला जमले होते, कारण मोठा बटाटा हा बघण्यासारखा असतो. ताई पदर खोचून उभी होती. बाईंनी एक बटाटा उचलला. साल घट्ट, डाग नाही, वास नाही. त्यांनी तो कापला.

मधोमध, शाईचा थेंब पडावा तसा निळसर काळा डाग होता.

दुसरा कापला. तिसरा. जितका बटाटा मोठा तितका डाग मोठा. मुकादमानं अर्धा बटाटा उचलून नाकाशी धरला आणि विचारलं की हा आतून जळलाय का. बाई म्हणाल्या, नाही, गुदमरलाय.

‘‘बटाटा?’’ मुकादम म्हणाला. ‘‘गुदमरला?’’

‘‘जिवंत आहे तो. म्हणजे, होता.’’

मुकादमानं अर्धा बटाटा जरा अदबीनं खाली ठेवला. बाई पोत्यावर टेकल्या आणि सांगू लागल्या, हे त्यांना गावोगावी सांगावं लागत असणार अशा थकलेल्या, नीट आवाजात. पान काय करतं? हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतं, मुळांनी ओढलेलं पाणी घेतं आणि उन्हाच्या ताकदीवर त्याची साखर करतं. त्यात ऑक्सिजन उरतो, तो हवेत सोडतं. साखर देठातून खाली जाते आणि जमिनीत बटाट्यामध्ये पिठाच्या रूपानं साठते. उजेड गेला की पानाचं हे काम थांबतं. इथवर दारसाहेबांना सगळं येत होतं आणि ते मान डोलावत होते; बाईंना या ओट्यावर एक तरी जाणकार माणूस आहे हे कळावं म्हणून जरा जास्तच डोलावत होते.

‘‘पण ते झालं रांधणं,’’ बाई म्हणाल्या. ‘‘चूल विझली म्हणून घरातली माणसं श्वास घ्यायची थांबतात का?’’

पान असो, खोड असो, मूळ असो, बटाटा असो, त्या सांगत गेल्या, त्यातली प्रत्येक पेशी साठवलेली साखर थोडी थोडी जाळत असते. दिवसा जाळते आणि रात्रीही. त्यासाठी ऑक्सिजन घेते, कार्बन डायऑक्साइड आणि पाणी बाहेर टाकते, आणि जी ताकद निघते त्यावर जगते. दिवसा पान घेतं त्यापेक्षा कितीतरी जास्त ऑक्सिजन सोडतं, म्हणून त्याचा श्वास आपल्या ध्यानात येत नाही. बटाट्याला पान नाही. तो नुसता घेतो. थंडीत हे जळणं सावकाश होतं, म्हणून तर त्याला थंडीत ठेवायचं, पण ते थांबत नाही. आणि आजूबाजूला हवा कमी पडली, तर जो भाग सालीपासून सर्वांत लांब, तो आधी मरतो. मोठ्या बटाट्याचा मध्य सर्वांत लांब.

‘‘आणि जळतं म्हणून थोडी ऊबही निघते,’’ बाई सहज म्हणाल्या. ‘‘भरलेली खोली तापते ती त्यामुळेच.’’

दारसाहेबांची मान डोलायची थांबली. इतकी वर्षं ज्या उबेच्या मागावर ते बोटाला थुंकी लावून फटी शोधत होते, ती बाहेरून येतच नव्हती. ती आतल्यांची होती. छतापर्यंत रचलेले सगळे अंधारात जळत बसले होते, एकेक कण, आणि ते त्यांच्याच उबेला चोर समजून त्यांच्या खिडक्या बुजवत आले होते. हमालांच्या छातीत जे भरून येत होतं तेही तेच होतं, बटाट्यांनी सोडलेलं, बाहेर जायला जागा नसलेलं. मिस्त्री म्हणाले होते पोरं. मिस्त्रींना एकटेपणामुळे भास होत नव्हता.

बाईंनी वर पाहिलं. ‘‘झडपा रोज उघडता ना?’’

‘‘हो,’’ दारसाहेब म्हणाले.

हे ‘हो’ त्यांनी ठरवून म्हटलं नव्हतं. ते आपोआप निघालं, ‘दार’ निघावं तसं. पण एकदा निघाल्यावर त्याच्या मागे काहीतरी यायला हवं होतं, आणि तेही आलं. ‘‘ताईचा खालचा तुकडा पाणथळ आहे,’’ ते म्हणाले. ‘‘खाली खडक. पाणी धरून राहतं.’’

बाई म्हणाल्या, असू शकतं. मुळाशी पाणी साचलं की जमिनीतल्या हवेची जागा पाणी घेतं आणि बटाटा तिथेच गुदमरतो. मग ताईकडे वळून त्यांनी समजुतीच्या सुरात सांगितलं की मावशी, निचरा बघा, माल आम्हाला घेता येणार नाही. जमलेल्या शेतकऱ्यांपैकी एकजण हळूच म्हणाला, खडकावर का कधी बटाटा होतो. दुसऱ्यानं मान हलवली. ताईनं भावाकडे पाहिलं. त्या पाहण्यात शंका असती तर दारसाहेबांना बरं वाटलं असतं. ती नुसती विचारत होती, खरंच का रे? आणि त्याला कळतं, तर खरंच असणार, असं समजून तिनं पदर सोडला आणि पोती परत बांधू लागली.

त्यानंतरचे दिवस दारसाहेबांनी जसे काढले ते सन्मानपत्रात लिहिण्यासारखे नव्हते. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, सगळे पांगल्यावर, ते शिडी घेऊन इमारतीच्या मागे गेले आणि भिंतीतला फोम पकडीनं उपटून काढला. कुणी पाहिलं असतं तर उंदीर झालेत म्हणून सांगायचं ठरवलं होतं. आता त्यांना अशी उत्तरं आधीच तयार असायची, आणि त्याचीच त्यांना शिसारी येत होती. पण बोळातल्या झडपेला त्यांनी हात लावला नाही. ती उघडायची तर सन्मानपत्र उतरवावं लागलं असतं, आणि ते का उतरवलं हे कुणीही विचारलं असतं. एक झडप उघडी आणि एक बंद असेल तर हवा खेळत नाही. ती दारापर्यंत येते, आत डोकावते आणि परत जाते. दारसाहेबांना हे पक्कं ठाऊक होतं. वाऱ्याचा मार्ग हा त्यांचाच विषय. तरी त्यांनी आपण काहीतरी केलं असं मानून घेतलं. हमालांची डोकी दुखतच राहिली.

घरी ते फ्रिजचं दार उघडं राहिलं तरी बोलेनात. बायकोनं पहिल्या दिवशी कपाळाला हात लावून ताप पाहिला. तिसऱ्यांदा तसं झालं तेव्हा ती म्हणाली, तुम्हाला काय झालंय ते सांगू नका हवं तर, पण असे गप्प बसू नका, घर भुताचं वाटतं. मग तिनंच बातमी दिली. ताई खालचा तुकडा वीटभट्टीवाल्याला देतेय. पिकवायला नाही, माती उचलायला. तो कंबरभर खणून सगळी माती नेणार, विटा पाडायला.

‘‘आणि मग खाली काय राहणार?’’ दारसाहेबांनी विचारलं, जणू त्यांना ठाऊक नव्हतं.

‘‘खडक,’’ बायको म्हणाली. ‘‘त्या म्हणतात, जी माती आतून कुजवते तिची वीटच बरी. निदान आत काय आहे ते भाजल्यावर कळतं.’’

ते लगेच ताईकडे गेले असं लिहायला आवडलं असतं. ते लगेच गेले नाहीत. कॉम्प्रेसरचं तेल बदलायचं होतं. मग एक पट्टा बदलायचा होता, जो आणखी वर्षभर सहज चालला असता. मग रविवारी घरात पाहुणे येणार होते आणि आले नाहीत, आणि ते वाट पाहत बसले. प्रत्येक वेळी त्यांना वाटायचं की वीटभट्टीवाल्यालाच एखादी अडचण येईल. शेवटी मुकादमानं येऊन सांगितलं की तिकडे खुणा करून झाल्या, पांढरी पूड टाकलीय, आज कोपरा खणून बघतायत. तेव्हा त्यांनी चपला घातल्या.

खालच्या तुकड्याच्या एका कोपऱ्यात चौकोनी खड्डा होता. दोन माणसं कुदळी ठेवून सावलीत बसली होती. खड्ड्याच्या भिंतीत माती वरपासून खालपर्यंत सारखी काळीभोर, भुसभुशीत दिसत होती. तळाशी खडक होता, आणि खडक कोरडा होता. पाणी धरून राहिल्याची खूण कुठेही नव्हती. दारसाहेबांनी ते उगाच पाहून घेतलं. त्यांना ते माहीतच होतं.

ताई घरात चुलीपुढे होती. भाऊ आला म्हणून तिनं पाट सरकवला, पाणी दिलं आणि काही न विचारता उकडलेले बटाटे मीठ घालून पुढे ठेवले. मोठे बटाटे, अर्धे केलेले, आणि प्रत्येक अर्ध्याच्या मध्ये चमच्यानं कोरून काढलेली वाटीसारखी खोलगट जागा.

‘‘खा,’’ ती म्हणाली. ‘‘काळं तेवढं काढलंय. बाकीचं चांगलं आहे. टाकवत नाही.’’

त्यांनी एक खाल्ला. चांगला लागला, हे सर्वांत वाईट होतं. खिडकीत एक बटाटा ठेवलेला होता, लहानसा, हिरवा पडलेला, डोळ्यांतून जांभळट कोंब फुटलेला. ते तिकडे बघतायत हे पाहून ताई म्हणाली की त्या बाई जिवंत म्हणाल्या ना, म्हणून बघायला ठेवला. उजेड लागला तर चार दिवसांत पानासारखा हिरवा झाला. लाजच वाटली बघ, असं ती म्हणाली. इतकी वर्षं काढतोय, भरतोय, फेकतोय, कधी मनात आलं नाही की हा आपला श्वास घेत बसलाय.

दारसाहेबांनी ताटली खाली ठेवली. येताना त्यांनी वाक्य जुळवून आणलं होतं. ते आता आठवेना.

‘‘ताई, तो शेतात नाही गुदमरला.’’

ताई चुलीतलं लाकूड मागे ओढत होती. तिचा हात थांबला नाही.

‘‘माझ्याकडे गुदमरला. झडपा बंद होत्या. मीच बुजवल्या होत्या.’’

‘‘कधी?’’

‘‘मिस्त्री गेले तेव्हाच.’’

‘‘आणि त्या बाईंनी विचारलं तेव्हा हो म्हणालास.’’

‘‘हो.’’

‘‘ते मी ऐकलं,’’ ताई म्हणाली. ‘‘शेजारीच उभी होते.’’ मग तिनं जे विचारलं ते भावाच्या अपेक्षेत कुठेच नव्हतं. ‘‘म्हणजे ह्यांची माती चांगली आहे?’’

‘‘चांगली आहे. आत्ता बघून आलो.’’

‘‘मी रोज सकाळी जाऊन तिला शिव्या देत होते,’’ ताई म्हणाली. ‘‘आणि तिला म्हणजे ह्यांनाच की. मेलेल्या माणसाला. म्हटलं, जन्मभर माझ्या डोक्यावर घमेली चढवलीत आणि शेवटी दिलंत काय, तर हे.’’

दारसाहेबांना वाटलं होतं ती ओरडेल. लहानपणी ओरडायची, कानही पिळायची, आणि मग ते संपायचं. ती उठली, बाहेर गेली, आणि दारातून त्यांनी तिला खड्ड्याजवळच्या माणसांशी बोलताना पाहिलं. माणसं कुदळी खांद्यावर घेऊन गेली. ती परत आली तेव्हा तिच्या हाताला माती होती.

‘‘ताई, माझं चुकलं.’’

‘‘ते मला सांगून काय उपयोग, धाकट्या? मला तर माझ्या घरात कुणी काही म्हणत नाही. माझी नाचक्की ओट्यावर झाली. सांगायचं असेल तर तिथे सांग.’’ मग ताटलीकडे पाहून तिनं म्हटलं, ‘‘आणि ते संपव. टाकायचं नाही.’’

त्यांनी ते संपवलं. इतकं सावकाश त्यांनी आयुष्यात काही खाल्लं नव्हतं.

तपासनीस बाई पुढच्या मालासाठी आल्या त्या दिवशी ओट्यावर शेतकरी होते, हमाल होते आणि कडेला ताई होती, जिचं तिथे काही काम नव्हतं. दारसाहेबांनी घसा साफ केला आणि म्हणाले की वायुवीजनाच्या संदर्भात पूर्वी काही त्रुटी राहून गेल्याचे…

‘‘म्हणजे काय, साहेब?’’ मुकादम म्हणाला. टोमणा नव्हता, त्याला खरंच कळलं नव्हतं.

‘‘म्हणजे मी झडपा बंद केल्या होत्या,’’ दारसाहेब म्हणाले. ‘‘ताईच्या शेतात काही दोष नाही. ते मी खोटं बोललो.’’

खडकावर का कधी बटाटा होतो म्हणणारा शेतकरी आपल्या चपलेचा अंगठा पाहू लागला. मुकादम मनातल्या मनात काहीतरी जुळवत होता, आणि ते जुळलं.

‘‘म्हणजे आमची डोकी…’’

‘‘हो.’’

‘‘आणि मी दोन टोप्या घालून आलो तेव्हा तुम्ही हसलात.’’

‘‘तेव्हा मला माहीत नव्हतं.’’

‘‘आणि माहीत झाल्यावर?’’

याचं उत्तर दारसाहेबांकडे तयार नव्हतं, आणि त्यांनी ते तयार केलं नाही. त्यांना वाटलं, आता कुणीतरी शिवी हासडावी. हमालांना शिव्यांची वाण नव्हती. पण मुकादमानं फक्त टोपी काढली, झटकली आणि परत घातली. बाई म्हणाल्या, आधी झडप उघडा, बाकीचं नंतर बोला.

सगळे बोळात आले. दारसाहेबांनी सन्मानपत्र उतरवून भिंतीशी टेकवलं आणि स्क्रू काढू लागले. प्लायवूड निघालं. मागे गंजलेली झडप होती. ती हातानं हलेना, तेव्हा मुकादमानं खांद्यानं रेटून उघडली. काही झालं नाही. मग झडपेवरच्या कोळ्याच्या जाळ्याचा एक धागा आतल्या बाजूला ओढला गेला आणि तसाच ताणलेला राहिला. मागची झडप उघडीच होती. हवा जात होती.

बाईंनी खोलीतली निरनिराळ्या जागची पोती कापून पाहिली. लहान बटाटे बहुतेक वाचले होते. दारापाशी ठेवलेलेही वाचले होते. आतल्या कोपऱ्यात, जिथे दारसाहेबांनी बहिणीला जागा दिली होती, तिथल्या शेजारच्या दोन ढिगांतले मोठे बटाटे गेले होते. ते ज्यांचे होते त्यांनी ते पाहिले आणि दारसाहेबांकडे पाहिलं. बाई ताईला म्हणाल्या की मावशी, माझंही चुकलं, मी शेत न पाहताच बोलले. ताई म्हणाली, तुम्ही काय, तुम्हाला सांगितलं तसं तुम्ही बोललात.

अध्यक्षांनी दारसाहेबांना बोलावून घेतलं आणि बराच वेळ झापलं. कामावरून काढलं नाही, कारण कॉम्प्रेसर दुसऱ्या कुणाला येत नव्हता. सन्मानपत्र परत घ्यावं का याचीही चर्चा झाली. पण दिलेलं सन्मानपत्र परत घेण्याची तरतूद नियमांत सापडली नाही, त्यामुळे दारसाहेब आजही अधिकृतरीत्या गौरवलेले आहेत.

खालच्या तुकड्यातला खड्डा ताईनं बुजवला नाही. बाकीच्या शेतात बटाटे लावले आणि तो कोपरा तसाच ठेवला. पुढच्या हंगामात तिची पोती पुन्हा ह्याच शीतगृहात आली, पण ती दाराजवळ ठेवायची असं तिनं आधीच सांगितलं, आणि ते मुकादमाला सांगितलं, भावाला नाही. गावाकडून येताना ती अधूनमधून सकाळी बोळात थांबते, हाताचा पंजा पसरून भिंतीसमोर धरते, हवा लागते का पाहते आणि जाते. भावाशी बोलते. मुलांचं विचारते, वहिनीच्या गुडघ्यांचं विचारते. बटाट्यांविषयी बोलत नाही.

दारसाहेबांना आता कुणी दारसाहेब म्हणत नाही. कुणी ठरवून सोडलं नाही, ते सुटलं. तेही आता ‘दार’ म्हणून ओरडत नाहीत. हमाल दार आपणहून लावतात. सन्मानपत्र त्यांनी घरी नेलं. बायकोनं ते फ्रिजच्या मागे, भिंतीकडे तोंड करून ठेवलंय. बोळात ते जिथे टांगलेलं होतं तिथे आता भोक आहे.